२१ वर लावलेला हीट पंप २४ गाठतो तेव्हा

हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता खेचून घर तापवणारं यंत्र, २१ अंशांवर लावूनही दुपारी खोली २४ वर जाते आणि घरात जमिनीखालचं हीटिंग (जमिनीतल्या नळ्यांतून फिरणारं गरम पाणी) आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग थर्मोस्टॅट बदलायची घाई कृपया करू नका. जर्मनीत आमच्याकडे पहिल्या हिवाळ्यात हेच झालं होतं.

लोखंडी तवा गॅस बंद केल्यावरही भाकरी भाजत राहतो, तशी ही काँक्रीटची जमीन. थर्मोस्टॅट २१ ला पाणी थांबवतो, पण जमिनीत साठलेली उष्णता पुढे काही तास वर येत राहते. त्यात दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आलं की संपलंच. रात्री तापमान उतरवत असाल तर आधी ते बंद करा. पहाटे पंप जमीन जोरात तापवतो आणि त्याचं फळ दुपारी मिळतं.

खरा इलाज हीटिंग कर्व्हमध्ये आहे, म्हणजे बाहेर किती थंडी असताना पाणी किती गरम पाठवायचं ते. सगळ्या खोल्यांचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, कर्व्ह थोडासा उतरवा आणि दोन दिवस थांबा. हे थांबणंच सगळ्यात अवघड! सौम्य हवेत उकडतं पण कडाक्यात ठीक वाटतं, असं असेल तर कर्व्हची पातळी खाली (पाणी सरसकट कमी गरम) आणि उतार किंचित वर (थंडी वाढेल तसं पाणी जास्त वेगाने गरम).

जमीन २४-२५ अंशांवरच राहिली तर ऊन येऊन खोली एका अंशाने तापताच जमिनीतून येणारी उष्णता आपोआप बरीच कमी होते. बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सर उन्हात तर नाही ना, तेही बघून सांगा.