पार्लरची क्रीम बंद केली की तोंडाची आग होते, परत लावू का?

रंकाळ्याकाठची: कोल्हापुरात राजारामपुरीत आमची खानावळ आहे. चुलत बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा पार्लरवालीनं एक डबी दिली. पांढरी, झाकणावर गुलाबाचं चित्र, बास. कंपनी नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही. साडेतीनशे रुपये. खोटं कशाला बोलू, पंधरा दिवसांत फरक पडला. हळदीला मावशी म्हणाली, "अगं, ओळखूच आली नाहीस!" तेवढ्यावर मी आणखी चार डब्या आणल्या.

याला सात महिने झाले. मागच्या आठवड्यात डबी संपली आणि तिसऱ्या दिवशी तोंड लालबुंद. तांबड्या रश्श्याच्या पातेल्यावरचं झाकण काढलं की वाफेनं गालावर चटणी चोळल्यासारखं होतंय. बारीक लाल शिरा दिसायला लागल्यात, हनुवटीवर लव वाढलीय. पार्लरवाली म्हणते, बंद करू नकोस. लावलं की शांत होतं हे खरं. मग लावत राहू का? वांग जावेत म्हणून आईलापण मीच दिली होती. तिच्या तोंडाला काही नाही. नुसते पाय सुजतात, पण ती दिवसभर गॅसपुढं उभीच असते.

साधीसुधी: हे केमिकल सोडा हो. बेसन, साय आणि लिंबू लावा, आठ दिवसांत बघा.

गंगावेस मेडिकल: लिंबू अजिबात नको! आधीच सोलल्यासारखी झालेली कातडी, त्यात लिंबू लावून उन्हात गेली तर भाजल्यासारखे चट्टे उठतील.

ताई, शिरा, लव आणि बंद केल्यावरची आग ही लक्षणं स्टिरॉइडची वाटतात. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात म्हणून तोंड उजळ दिसतं, आणि आतून कातडी पातळ होत जाते. आग होते म्हणून परत लावायचं, की पुढच्या खेपेला जास्त आग. क्लोबेटासोल, बीटामेथासोन असली मलमं 2018 पासून चिठ्ठीशिवाय द्यायला बंदी आहे. तरी काउंटरवर रोज दोघं-तिघं "ते गोरं व्हायचं ट्यूब" मागतातच. परत लावू नका, पार्लरवालीचं ऐकू नका. सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या त्वचा विभागात जा, डबी सोबत न्या. आग कशी उतरवायची ते तेच ठरवतील.

डायलिसिसची सिस्टर: ताई, तुमच्या तोंडाचं होईल बरं. मी आईंच्या पायांवर अडकलेय. सूज बोटानं दाबली की खड्डा राहतो का? सकाळी डोळ्यांखाली फुगतं का? लघवीला फेस येतो का?

बिनलेबलच्या डबीत पारा असू शकतो. रंग तयार होणं तो थांबवतो, म्हणून घालतात. कातडीतून रक्तात जातो, किडनीच्या चाळणीला इजा करतो आणि प्रथिनं लघवीतून गळायला लागतात. तोंड मात्र झकास दिसतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. अकोल्यातल्या आई आणि दोन मुलींचं पेपरात आलं होतं. मुंबईच्या केईएममध्ये त्यांच्या क्रीममध्ये पारा निघाला. आपल्याकडं क्रीममध्ये चुकून राहिलेला पारासुद्धा दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही, मुद्दाम घालायचा तर प्रश्नच नाही.

आईंची क्रीम आजच बंद. दोघींची लघवी, क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ततपासणी) आणि पाऱ्याची तपासणी करा. क्रीम लागलेले टॉवेल, उशीचे अभ्रे वेगळे काढा. आणि क्रीमच्या हातानं कणीक मळू नका.

रंकाळ्याकाठची: सिस्टर, खड्डा राहतोय. फेसाचं विचारलं तर आई म्हणाली, "दोन महिने झाले, मला वाटलं हार्पिकचा आहे."

आज रिपोर्ट आला. माझा ठीक आहे, आईच्या लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे तेच प्रथिन, तीन प्लस, बरंच जास्त. पाऱ्याचा यायचाय. उद्या किडनीच्या डॉक्टरांकडं नेतेय. तिची अर्धी डबी कपाटात होती, ती पिशवीत घट्ट बांधून ठेवलीय. पार्लरवालीला फोन केला तर म्हणते, बाकी कुणाची तक्रार नाही. आणि आईला एकच काळजी, रविवारी पांढरा रस्सा कोण करणार.