चित्रशाळेतला हात ॲनिमेशनच्या पात्रांकडे कसा वळवावा?

माशेलकर:
धाकटा भाऊ यंदा बारावी झाला. गणपतीच्या मूर्ती घडवतात त्या चित्रशाळेत चिकणमातीवर त्याचा हात चांगला बसलाय. आता त्याला ॲनिमेशनच्या पात्रांची शिल्पं करायची आहेत. पणजीतल्या आल्तिनोच्या कला महाविद्यालयात प्रवेश घ्यावा, की थेट झेडब्रश हे संगणकावर शिल्प घडवायचं सॉफ्टवेअर शिकावं? मातीकाम सोडून द्यावं का?

मातीकाम:
सोडू नये, पण माती बदलावी. चिकणमाती वाळताना आकसते, आतली आधाराची तार आकसत नाही. म्हणून बारीक मनगटाला, मानेला तडे जातात. २५-३० सेंमीच्या मॅकेटसाठी (पात्राच्या छोट्या नमुना-शिल्पासाठी) पॉलिमर क्ले, म्हणजे ओव्हनमध्ये भाजून कडक होणारी कृत्रिम माती घ्या. ३ मिमीची ॲल्युमिनियम तार दुहेरी पिळायची, सांधे एपॉक्सी पुट्टीनं बांधायचे, डोकं आणि पोट फॉइल गच्च दाबून भरायचं. फॉइल सैल राहिलं तर आतली हवा ओव्हनमध्ये फुगते आणि वरची क्ले फाटते. सुपर स्कल्पी या पॉलिमर क्लेला १३० अंश सेल्सिअस, दर ६ मिमी जाडीला १५ मिनिटं. नंतर ओव्हनमध्येच निवू द्यायचं.

शिल्पावरून साचा काढायचा म्हणून प्लॅस्टिसिन (न वाळणारी तेलकट माती) वापरणार असाल तर ते गंधकविरहितच हवं. नाहीतर साच्याचं प्लॅटिनम सिलिकोन गोठत नाही, चिकट राहतं.

रेषा_घडण:
खरी अडचण वेगळीच आहे. गणपती मखरात बसतो, त्यामुळे सारी नजर समोरून घडते. ॲनिमेशनचं पात्र मात्र सगळीकडून तेच दिसायला हवं. त्यातच चित्रकार रेषेत सूट घेतो: मिकी माउसचे कान डोकं कुठेही वळलं तरी गोलच काढतात, घन आकारात ते जमत नाही. मग कुठली बाजू सांभाळायची? ते डिझायनरला विचारून ठरवायचं, परस्पर नाही.

सराव असा करावा: मॉडेल शीटवरून (पात्र वेगवेगळ्या बाजूंनी दाखवणाऱ्या चित्रावरून) शिल्प करून दर ४५ अंशांनी फोटो काढावा आणि आकृती पूर्ण काळी भरावी. केवळ बाह्याकारावरून पात्र आणि त्याचा पवित्रा ओळखू आला नाही, तर नाकडोळ्यांवर मेहनत घेण्यात अर्थ नाही.

जाळीवाला:
प्रवेश घ्यावा, असं माझं ठाम मत. रेखाटन आणि शरीररचना रोज करून घेणारं कुणी हवं. शिकता शिकता ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर सुरू करावं, ते मोफत आहे. झेडब्रश नंतर.

स्टुडिओत पहिली नोकरी बहुधा कॅरेक्टर मॉडेलरची (संगणकावर पात्रं घडवणाऱ्याची) मिळते, आणि तिथे नुसतं सुंदर शिल्प चालत नाही. शिल्पावर चौकोनी पॉलिगॉनची हलकी जाळी नव्यानं बसवावी लागते: डोळे-ओठांभोवती एज लूप (जाळीच्या रेषांची बंद कडी), कोपर-गुडघ्याला निदान तीन. ते नसले तर रिगमधलं (पात्र हलवायच्या आतल्या सांगाड्यातलं) हाड वळताच सांधा चेपतो. पात्र ए-पोजमध्ये (हात ‘A’च्या बाजूंसारखे तिरके खाली), चेहरा निर्विकार; हसरा घडवला तर ते हसू रिगमध्ये कायमचं अडकतं.

पोर्टफोलिओत पाच-सहाच कामं ठेवा. शेजारी मूळ शीट डिझायनरच्या नावासह, मग राखाडी रेंडर (संगणकानं शिल्पावरून काढलेलं चित्र), मग जाळी. सुरुवातीला रंग-पोत टाळा, त्याखाली घडण झाकली जाते.

माशेलकर:
देव बरें करूं. लॅपटॉप घेताना ग्राफिक्स कार्डावर खर्च करावा का?

जाळीवाला:
झेडब्रशचा भार प्रोसेसर आणि रॅमवर असतो, कार्डावर फारसा नाही. १६ जीबी रॅम किमान, ३२ परवडली तर उत्तम. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये रेंडर करायचं असेल तर मात्र कार्ड उपयोगी पडतं. आधी दाब ओळखणारा पेन टॅबलेट घ्या. माउसनं शिल्प होत नाही.