कंपाऊंडमधला मोठा माड हलवायचाय, जगेल का?

मुलुंडकर:
मंडळी, मुलुंडला आमचं बैठं घर आहे, मागे पाण्याची टाकी बांधायचीय आणि नेमके तिथेच आजोबांनी लावलेला माड आणि दोन बॉटल पाम. माड दुमजली उंच असेल, अजून नारळ धरतो म्हणून आईचा जीव अडकलाय. पलीकडच्या कोपऱ्यात जागा आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो आत्ता मार्चमध्येच जेसीबीने उपटू, सगळ्या झावळ्या छाटल्या की जगतंच. मेट्रोच्या कामात हलवलेली झाडं कशी मेली ते पेपरात वाचलंय, त्यामुळे धाकधूक आहे. एक छोटा माड पण आहे, अजून खोड नाही आलेलं, तो तर सहज निघेल ना?

माडवाला_केळवे:
मेट्रोवाल्या झाडांशी तुलना नको. त्यात रेन ट्री वगैरे मोठी झाडं, त्यांची जाड मुळं तोडली की झालं. माडाला सोटमूळ नसतंच, बुडातून दोरीसारखी पुष्कळ मुळं निघतात आणि तुटली तरी बुडातून नवीन येतात. जुन्यातलीही साधारण निम्मी परत फुटतात, मग मुळांसकट उचलायचा मातीचा गोळा थोडा लहान असला तरी चालतं. खोडाच्या चारी बाजूंनी फूट-दीड फूट सोडून खणा. तुमचा बॉटल पाम म्हणजे बहुतेक रॉयल पाम असणार, त्याचा गोळा मात्र जमेल तेवढा मोठा घ्या.
छोट्याला हात लावू नका! खोड धरलं नाही म्हणजे बूडच तयार नाही, नवीन मुळं येणार कुठून? मोठा जगेल आणि तो मरेल.
आणि मार्चमध्ये कशाला, जूनचे दोन-चार चांगले पाऊस पडू देत.

चेंबूरची_बाग:
आधी परवानगी घ्या हो. स्वतःच्या अंगणातलं झाड असलं तरी १९७५ च्या झाडांच्या कायद्यात येतं, पालिकेच्या टी वॉर्डच्या (मुलुंडचा वॉर्ड) ऑफिसात उद्यान खात्याकडे अर्ज करा, नाहीतर शेजारी कंप्लेंट करेल आणि निस्तरत बसाल.
झावळ्या सगळ्या छाटायच्या नाहीत, खालच्या निम्म्या काढा, वरच्या सुतळीने एकत्र बांधा म्हणजे मधला कोंब सांभाळला जातो. माडाला वाढायची जागा ती एकच, उचलताना शेंडा हिसकला की आत तुटतो आणि बाहेरून काही दिवस हिरवंगार दिसतं, मग कोंब हातात येतो. जेसीबीच्या बकेटने ढकलू देऊ नका, हायड्रा (छोटी चाकांवरची क्रेन) बोलवा, खोडाला गोणपाट गुंडाळून रुंद बेल्ट लावायला सांगा, वायररोप अजिबात नको.

मुलुंडकर:
बापरे, एवढं काही कॉन्ट्रॅक्टर बोललाच नाही. खड्डा खोल घेऊ का म्हणजे वाऱ्यात पडणार नाही? कॉन्ट्रॅक्टर टेकू पण खिळे मारून लावणार म्हणतोय.

माडवाला_केळवे:
खोल नाही!! आधी जेवढं जमिनीत होतं तेवढंच. खोल गाडलं की मुळं गुदमरतात आणि दोन-तीन वर्षांनी माड खंगत जातो, तेव्हा कारण कोणाच्या लक्षातही येत नाही. माती टाकताना पाणी सोडत राहा, आत पोकळी राहायला नको. खिळे तर नकोच, माडाची जखम जन्मात भरत नाही. गोणपाटावर लाकडी पट्ट्या बांधा, टेकू त्या पट्ट्यांना ठोका आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवा. खत नवीन पान उघडेपर्यंत नको. ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो, खोडाला भोक, तपकिरी चीक, चावलेला भुसा दिसतोय का ते बघत राहा. पावसात कोंब कुजू नये म्हणून एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) शेंड्यात फवारा. आईला सांगा, लागलेले नारळ गळतील, निदान वर्षभर तरी बाजारातून आणा.

गच्चीतला_माळी:
खरं सांगू का, रॉयल पाम दोन्ही हलवायच्या खर्चात नर्सरीतून बऱ्यापैकी मोठे नवीन येतील, फक्त माडावर पैसे घाला. आणि हायड्रा तुमच्या गल्लीत वळतो का ते आधी बघा, वरच्या केबलच्या वायरी पण. बाहेर गाड्या लावणाऱ्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा.