मदत हवी आहे: वायरगार्डमधून डाउनलोड होतं, अपलोड मात्र अडकतं

नमस्कार मंडळी,

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या घुमट (कातडं लावलेलं मातीचं वाद्य) आरत्यांची जुनी रेकॉर्डिंग्ज मी घरच्या एका छोट्या मशीनवर नेक्स्टक्लाउडमध्ये (घरी चालवायचं फाइलसाठ्याचं सॉफ्टवेअर) जमवतोय. बहुतेक कॅसेट मुंबईला स्थायिक झालेल्यांच्या घरी आहेत. ते तिथूनच फाइली चढवतात. घोरपड मारायला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, आता घुमटाला बकऱ्याचं कातडं लावतात. घोरपडीच्या कातड्याचा तो जुना नाद या फितींवरच उरलाय आणि फितींना बुरशी लागतेय. चवथीला (गणेश चतुर्थीला) सगळे गावात येतील, तोवर हे काम व्हायला हवं.

रचना अशी: घरचं फायबर सीजीनॅटमागे आहे, म्हणजे अनेक ग्राहकांत मिळून एकच बाहेरचा पत्ता. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ने सुरू होतो, त्यामुळे पोर्ट उघडून उपयोग नाही. मुंबईत एक व्हीपीएस (आभासी सर्व्हर) भाड्याने घेतलाय, त्यावर कॅडी (लोकांची मागणी घेऊन पुढे घरी धाडणारा वेब सर्व्हर), आणि तिथून वायरगार्डने, म्हणजे दोन मशीनांमधल्या खाजगी बोगद्याने, घरापर्यंत. यूडीपी पोर्ट ५१८२०, कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा इशारा) दर २५ सेकंदांनी. वर्षभर काही तक्रार नव्हती.

पंधरा दिवसांपूर्वी रात्री गडगडाट झाला, वीज गेली, यूपीएस संपला आणि मशीन बंद पडलं. सकाळी सगळं आपोआप सुरू झालं. तेव्हापासून लॉगिन होतं, यादी दिसते, आरत्या ऐकता येतात, डाउनलोडही होतात. अपलोडची पट्टी मात्र थोडी सरकते आणि तिथेच राहते. व्हीपीएसवरून घरी एसएसएच (दूरून लॉगिन) केलं तर जोडणी लागते आणि सांकेतिक चाव्यांच्या देवाणघेवाणीवर थांबते. पिंग मात्र स्वच्छ.

केबल बदलली, स्विच बदलला. घरातल्या घरात अपलोड झकास चालतं. डिस्कवर जागा आहे.

संबंध नसेल, तरी सांगून ठेवतो: वीज जाण्याच्या काही दिवस आधी व्हीपीएसच्या नावाला आधीच्या आयपीव्ही४ शिवाय आयपीव्ही६ चा (नव्या पद्धतीचा इंटरनेट) पत्ता जोडला होता. तेव्हा काही बिघडलं नव्हतं.

प्रतिसाद १:
आमच्याकडे म्हापशाला विजेच्या झटक्याने फायबरच्या डब्याचं एक पोर्ट अर्धवट जळालं होतं. पिंग चालायचा, माल जायचा नाही. डबा बदलून बघा.

प्रतिसाद २:
डबा बदलायची घाई करू नका. पोर्ट जळालं असतं तर डाउनलोडही रडलं असतं. छोटी पाकिटं जातात, मोठी गायब होतात, तीही एकाच दिशेने. हा एमटीयूचा, म्हणजे एका पाकिटाच्या कमाल आकाराचा, मामला दिसतो.

आणि तुम्ही शेवटी लिहिलंत तेच मला महत्त्वाचं वाटतं. वायरगार्ड समोरच्या टोकाचं नाव फक्त सुरू होताना शोधतो. आयपीव्ही६ चा पत्ता जोडलात तेव्हा जुना बोगदा आयपीव्ही४ वरच चालू होता. वीज गेली, मशीन नव्याने उठलं आणि बोगदा आयपीव्ही६ वर गेला.

आता हिशेब. वायरगार्डचा नेहमीचा एमटीयू १४२०. बोगद्याचं वरचं ओझं आयपीव्ही४ वर ६० बाइट, आयपीव्ही६ वर ८०. तुमचं कनेक्शन पीपीपीओई (राउटरने लॉगिन करून लागणारं) असेल तर बाहेरची मर्यादा १४९२. पूर्वी १४८० होत होते, बसत होते. आता १५०० होतात. आयपीव्ही६ मध्ये वाटेतला राउटर पाकिटाचे तुकडे करत नाही, 'पाकीट मोठं आहे' असा निरोप पाठवणाऱ्याला देतो. तो निरोप व्हीपीएसपर्यंत पोचतो का? त्याच्या पॅनेलमधल्या फायरवॉलमध्ये काय काय उघडं आहे?

व्हीपीएसवरून घरच्या बोगद्यातल्या पत्त्याला पिंग करा, तुकडे करायची मनाई ठेवून, आकार वाढवत जा.

धागाकर्ता:
पीपीपीओईच आहे. पॅनेलमध्ये २२, ८०, ४४३ आणि ५१८२० एवढंच उघडं ठेवलंय, सुरक्षित राहावं म्हणून. पिंग १३८० पर्यंत उत्तर देतो, १३८१ ला गप्प! घरच्या मशीनवर एमटीयू १४१२ केला, कारण १४९२ वजा ८०. तरी अपलोड तिथेच अडकतंय. आणि हिशेबाने १३८४ पर्यंत पिंग जायला हवा होता ना?

प्रतिसाद २:
दोन्हींचं कारण एकच. वायरगार्ड आतलं पाकीट १६ च्या पटीत भरून काढतो, मात्र स्वतःच्या एमटीयूपेक्षा मोठं करत नाही. १३८० चा पिंग म्हणजे त्याचे स्वतःचे २८ बाइट धरून आत १४०८, ती १६ चीच पट, म्हणून गेला. १३८१ म्हणजे १४०९, ते फुगून १४२० होतं आणि बाहेर १५००. तुम्ही फक्त घरी १४१२ केलंत, पण अपलोडची पाकिटं व्हीपीएस बनवतो, आणि तो अजून १४१२ चं १४२० करतोय. तिथेही १४१२ लिहा, दोन्हीकडचा बोगदा बंद करून पुन्हा सुरू करा.

शिवाय फायरवॉलमध्ये आयसीएमपीव्ही६ (आयपीव्ही६ चे सूचनांचे निरोप) चा प्रकार २ उघडा. तोच तो 'पाकीट मोठं आहे' निरोप. तो अडवून सुरक्षा वाढत नाही. घरचा राउटर हा निरोप घरच्या मशीनला देत होता, म्हणून तुमचं डाउनलोड चालत होतं.

प्रतिसाद ३:
एक भर. साध्या ब्राउझिंगमध्ये हा दोष सहसा दिसत नाही, कारण राउटर टीसीपीचा एमएसएस (एका पाकिटातल्या मजकुराची मर्यादा) कमी करून घेतो. वायरगार्ड यूडीपीवर चालतो, त्याला ती सोय नाही. फार घाई असेल तर टोकाच्या नावाऐवजी आयपीव्ही४ चा पत्ता लिहूनही लगेच चालेल. पण १४१२ ठेवाच, नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा शोधत बसाल.

धागाकर्ता:
व्हीपीएसवर १४१२ केलं, प्रकार २ उघडला. एसएसएच लगेच लागलं. १३८४ चा पिंगही जातोय. दोन आठवडे मी स्विच आणि केबली बदलत होतो, तुम्ही एका दुपारी सोडवलंत. देव बरें करूं.

ठाण्याहून एका काकांनी आत्ताच पहिली फीत चढवली. ४५ मिनिटांची एक बाजू, पूर्ण. दुसरी बाजू चढतेय.