एल्कसाठी .३०० मॅग्नमच हवी का? कमी धक्क्याच्या रायफलीबद्दल विचारायचंय

रानवाट:

नमस्कार. गेली काही वर्षं मी हरणांची शिकार .२४३ विंचेस्टर या हलक्या काडतुसाच्या रायफलीने करते (आकडा म्हणजे साधारण गोळीची जाडी, इंचात). ती रायफल माझ्या हातात बसलीय. चाप कुठे सुटतो ते बोटाला ठाऊक आहे. बार उडाल्यावरही हरीण स्कोपमधून, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीतून, निसटत नाही, गोळी कुठे लागली ते मला दिसतं.

या हंगामात पहिल्यांदाच एल्कचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या हरणाचा, परवाना मिळालाय. ज्या गटाबरोबर जाणार आहे, त्यातले सगळे .३०० विंचेस्टर मॅग्नम नाहीतर .३३८ अशा जोरकस, जास्त धक्क्याच्या रायफलीवाले. त्यांचं एकच म्हणणं: एल्क चिवट जनावर आहे, छोटी गोळी अंगात घेऊन डोंगर ओलांडून जाईल, तेव्हा मोठी रायफल घे आणि सवय कर.

म्हणून त्यांच्यातल्या एकाची .३०० चालवून पाहिली. सिंथेटिक दस्त्याची, डोंगरात वाहायला म्हणून मुद्दाम हलकी बनवलेली. पहिला बार ठीक गेला. पुढच्या दोन-तीन बारांत काय होतंय ते माझं मलाच जाणवायला लागलं. चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटत होते, खांदा आपसूक पुढे येत होता. कागदावरची भोकं ताटाएवढ्या जागेत पसरली. माझ्या .२४३ ची तेवढ्याच अंतरावर तळहाताखाली झाकली जातात.

खांदा दुखला त्याचं मला काही नाही, तो बरा होतो. मला काळजी जनावराची आहे. डोळे मिटून टाकलेला बार पोटात लागला तर ते रात्रभर तडफडत राहील, आणि ते माझ्या हातून होऊ नये.

७ मिमी-०८ किंवा ६.५ (मिमी) क्रीडमूर यांसारख्या कमी धक्क्याच्या काडतुसाची रायफल घेतली तर एल्कला पुरेल का? रान दाट आहे, मधे मधे मोकळे उतार. ३०० यार्डांपलीकडे मी बार टाकणार नाही, हे पक्कं. ज्यांनी एल्क जवळून पाहिलाय त्यांनी सांगावं.

डोंगरकडा:

मी .३०० वाल्यांपैकी आहे. भरलेला नर एल्क ३०० किलोच्या वर जातो. तो तुम्हाला नेहमी आडवा उभा मिळेल असं नाही. समोरून तिरका असेल तर गोळीला फऱ्याचं हाड फोडून आत जावं लागतं, मागून तिरका असेल तर भरलेल्या पोटातून वाट काढत छातीपर्यंत पोचावं लागतं. तिथे जड, वेगवान गोळी हाताशी जास्त राखून देते. खिंडीतल्या वाऱ्यातही ती कमी ढळते.

धक्क्यावर उपाय आहे. नळीच्या टोकाला मझल ब्रेक, म्हणजे वायू बाजूला फेकणारं भोकांचं टोपण लावा, .३०० चा धक्काही बराच उतरतो. वर्षभर सराव केला तर सवय होते. एल्कचा परवाना सारखा मिळत नाही, रायफल कमी पडली असं व्हायला नको.

माळरान:

रानवाट, तुम्ही रेंजवर जे पाहिलंत तेच या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. उरलेलं निम्मं गोळीत आहे, कॅलिबरमध्ये नाही. जरा सविस्तर लिहितो, कारण 'मोठं जनावर, मोठी बंदूक' हे ऐकून कितीतरी चांगले नेमबाज आपला नेम बिघडवून बसलेले मी पाहिलेत.

आधी धक्क्याचा हिशेब. साधारण ३.६ किलोच्या रायफलीत ६.५ क्रीडमूर किंवा ७ मिमी-०८ चा धक्का १२-१३ फूट-पाउंड (ऊर्जेचं माप) येतो. .३०-०६ या मधल्या ताकदीच्या काडतुसाचा २० च्या आसपास, .३०० विंचेस्टर मॅग्नमचा २७ च्या आसपास, .३३८ चा त्याहूनही वर. म्हणजे .३०० चा धक्का तुम्ही विचारताय त्या रायफलींच्या दुप्पट. आणि हे आकडे ३.६ किलोचे आहेत. काडतूस तेच ठेवून रायफल ३ किलोची केली की धक्का पाचव्या हिश्शाने वाढतो. तुमच्या हातात दिली ती डोंगरासाठी हलकी केलेली, म्हणजे मॅग्नमचा सगळ्यात वाईट अवतार.

आता 'पाडण्याची ताकद'. गोळी जनावराला ढकलून पाडते ही समजूत फार घट्ट बसलीय. .३०० ची १८० ग्रेनची गोळी म्हणजे ११.७ ग्रॅम, वेग सेकंदाला ९०० मीटर. तिचा सगळा संवेग ३०० किलोच्या एल्कला मिळाला तरी तो सेकंदाला साडेतीन सेंटिमीटरच्या गतीने सरकेल. बस, एवढंच. जो संवेग गोळीला मिळतो तोच तुमच्या खांद्याला मिळतो, वर जळलेल्या दारूचा वेगळा. तुम्ही उभ्या राहता, मग ३०० किलोचं धूड गोळीच्या धक्क्याने कसं कोसळेल?

एल्क पडतो तो फुप्फुसं फाटल्यामुळे, काळजाला भोक पडल्यामुळे, रक्ताचा दाब उतरून मेंदूला रक्त न पोचल्यामुळे. दोन्ही फुप्फुसांतून गोळी आरपार गेली तरी तो दहा-पंधरा सेकंद पायांवर राहू शकतो, आणि तेवढ्यात बरंच अंतर कापतो. मोठ्या रायफलीवाले यालाच चिवटपणा म्हणतात. पण .३०० ची गोळी पोटात लागली तर ते जनावर कितीतरी लांब जातं, त्याचं काय?

म्हणून गोळी. १९४६ साली जॉन नोस्लर कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूसच्या, म्हणजे एल्कहूनही मोठ्या हरणाच्या, शिकारीला गेले होते. हातात .३०० हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम, म्हणजे आजच्या .३०० ची थोरली बहीण. चिखलाने माखलेल्या नराला जवळून गोळ्या घातल्या, त्या वरच्यावरच फुटून गेल्या, आत पोचल्याच नाहीत. रायफल भरपूर होती, गोळी कच्ची होती. त्यातून १९४८ मध्ये पार्टिशन गोळी आली. शिशाचे दोन कप्पे, मधे तांब्याची भिंत. पुढचा भाग उमलतो, मागचा शाबूत राहून आत शिरत जातो. आज त्याच्या जोडीला कवच आणि शिसं सांधलेल्या गोळ्या आहेत, अख्ख्या तांब्याच्याही आहेत. अशी १४० ग्रेनची ७ मिमी गोळी फासळीतून शिरून पलीकडच्या कातडीपर्यंत जाते, बऱ्याचदा बाहेरही पडते. 'छोट्या रायफलीने एल्क निसटतो' या कथा पातळ कवचाच्या, हरणासाठी केलेल्या गोळ्यांच्या काळातल्या आहेत.

स्वीडनकडे बघा. तिथला मूस एल्कहून मोठा, आणि त्याची शिकार तिथे पिढ्यान् पिढ्या ६.५×५५ ने होत आलीय. हे १८९० च्या दशकातलं लष्करी काडतूस. त्यांचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो: गोळी ९ ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर २७०० ज्यूल ऊर्जा हवी, पण १० ग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर २००० ज्यूल पुरे. म्हणजे लांब, जड, आत शिरणाऱ्या गोळीला वेगात सवलत. मूसमधून गोळी किती खोल जाते हे ज्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं, त्यांचा हा नियम आहे.

आफ्रिकेतले हत्तींचे शिकारी करामोजो बेल यांचं नाव या चर्चेत येतंच, म्हणून आधीच सांगतो. त्यांनी हजारावर हत्ती मारले, त्यातले पुष्कळसे .२७५ रिग्बीने, म्हणजे ७×५७ माउझरने. खरं आहे. पण ते हत्तीची कवटी उभी करवतीने कापून मेंदू नेमका कुठे असतो ते शिकले होते आणि न उमलणारी भरीव गोळी वापरत. यातून 'काहीही कशानेही मारता येतं' असा अर्थ कुणी काढू नये. अंगावर येणाऱ्या जनावरांसाठी मोठी रायफल लागते. नामिबियात अशा शिकारीला किमान ५४०० ज्यूलची अट आहे, आणि ती योग्य आहे. एल्क सहसा अंगावर येत नाही, तो पळतो. इथे प्रश्न वेगळा आहे.

तुमच्या अंतराचं बोलू. ७ मिमी-०८ ची १४० ग्रेनची चांगली गोळी नळीतून सेकंदाला २८०० फुटांच्या वेगाने निघाली तर ३०० यार्डांवर तिच्यात अजून २२०० फूट वेग आणि १५०० फूट-पाउंड ऊर्जा असते. बहुतेक गोळ्या १८०० फुटांपर्यंत नीट उमलतात. २०० यार्डांवर नेम लावलेला असेल तर ३०० वर ती साधारण साडेसात इंच खाली येते. .३०० ची पावणेसात. फरक इंचाभराचा, वाऱ्यातही तसाच. एल्कच्या छातीतली मर्माची जागा निदान बारा इंचांची. म्हणजे दोन्ही रायफली कागदावर ते काम करतात, पण त्यातली एक चालवताना तुमचे डोळे उघडे राहतात.

डोंगरकडा यांचं फऱ्याच्या हाडाबद्दलचं म्हणणं मला मान्य आहे. समोरून तिरक्या एल्कवर ७ मिमी-०८ ने बार टाकू नये, थांबावं. एवढी एक संधी सोडायची तयारी हवी. पण तीच संधी .३०० ने डोळे मिटून घेतलेली मला त्याहून वाईट वाटते.

काठावरचा:

मझल ब्रेकबद्दल डोंगरकडा यांच्याशी माझं जमत नाही. धक्का कमी होतो हे खरं, पण वायू बाजूला आणि मागे फेकला जातो आणि आवाज थेट कानावर येतो. रेंजवर कानाला संरक्षण असतं. रानात एल्क ऐकायचा म्हणून लोक ते काढून ठेवतात, आणि मग एका बारात कान कायमचा बधिर होऊ शकतो. शेजारी बसलेल्या माणसाचाही. शिवाय दचकायला आवाज निम्मा जबाबदार असतो. खांदा वाचवून कानाला दचकायची सवय लावण्यात काय मिळवलं? जिथे कायदा परवानगी देतो तिथे सप्रेसर, म्हणजे नळीला लावायचा आवाज दाबणारा डबा, हा कितीतरी चांगला मार्ग, धक्का आणि आवाज दोन्ही उतरतात.

आणखी एक, कुणी बोललं नाही म्हणून. दस्ता तुमच्या मापाचा आहे का ते पाहा. बहुतेक दस्ते साडेतेरा इंचांच्या आसपास असतात, आणि मध्यम बांध्याच्या माणसाला जाड जॅकेटवर ते लांब पडतात. लांब दस्ता खांद्याच्या खोबणीत न बसता दंडाच्या हाडावर येतो, मान पुढे ताणली जाते, डोळा स्कोपमागे नीट बसत नाही.  थंडीतले कपडे घालून माप घ्या.

६.५ आणि ७ मिमी-०८ यांत मी ७ मिमी-०८ कडे झुकेन. १९८० मध्ये .३०८ च्या काडतुसाची मान ७ मिमी गोळीसाठी आवळून ती केली, आणि बेलच्या ७×५७ च्या इतक्या जवळची आहे की कागदावर फरक शोधावा लागतो. चंपावतची वाघीण मारल्यावर जिम कॉर्बेट यांना १९०७ साली भेट मिळालेली रिग्बीसुद्धा त्याच ७×५७ ची. क्रीडमूर वाईट नाही, जड गोळी घेतलीत तर तीही खोल जाते. मोठं भोक हवं म्हणून ७ मिमी, इतकंच.

परवाना जिथला, तिथला नियम मात्र आधी वाचा. कोलोरॅडोत एल्कला किमान ६ मिमी कॅलिबर, ८५ ग्रेनची उमलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड अशी अट आहे. त्या हिशेबाने तुमची .२४३ सुद्धा बसते, पण एल्कला मी ती नेणार नाही, हाताशी काहीच राखून उरत नाही.

रानवाट:

सगळ्यांचे मनापासून आभार. ७ मिमी-०८ घेतेय, आखूड दस्त्याची, लाकडी, साडेतीन किलोच्या पुढची. वजन वाहीन.

दोन गोष्टी अजून विचारते. .३०० ने लागलेली दचकायची सवय जाईल का? आणि पलीकडे तोंड करून तिरका उभा असलेला एल्क मिळाला तर नेम कुठे?

माळरान:

सवय जाते, पण जास्त बार टाकून नाही. दुसऱ्या कुणाला रायफल भरायला सांगा. खऱ्या काडतुसांत डमी, म्हणजे न उडणारी काडतुसं मिसळायची आणि तुम्ही बघायचं नाही. डमीवर चाप ओढला की क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधली नेमाची फुली, जागच्या जागी राहायला हवी. दचकत असाल तर नळीचं टोक टपकन खाली जातं, ते तुम्हालाही दिसतं आणि शेजारच्यालाही. तसं झालं की त्या दिवशी खरी काडतुसं बाजूला ठेवायची आणि रिकाम्या रायफलीवर चाप ओढायचा, बराच वेळ. मधल्या दिवसांत .२२ ची छोटी, जवळजवळ धक्का नसलेली रायफल चालवा. टेबलावर बसून फार बार टाकू नका, तिथे शरीर मागे सरकत नाही आणि धक्का सगळा खांदा खातो. बसून, गुडघ्यावर, काठ्यांच्या टेकूवर सराव करा. रानात तसंच बसावं लागणार आहे.

पलीकडे तिरक्या एल्कला फऱ्यामागचा नेहमीचा बिंदू विसरा. पलीकडचा पुढचा पाय बघा आणि गोळी त्या पायाच्या रेषेत, छातीच्या मध्यावर बाहेर पडेल असा नेम धरा. म्हणजे अलीकडे ती मधल्या फासळ्यांतून शिरेल. फार तिरका असेल, मांडीच जास्त दिसत असेल, तर थांबा. एल्क चरताना वळतो.

बार उडाला की रायफल खांद्यावरून न उतरवता बोल्ट मागे-पुढे करून दुसरं काडतूस चढवा. तो उभा असेल तर लगेच पुन्हा टाका, पहिली गोळी चांगली लागली असं वाटलं तरी. कमी धक्क्याच्या रायफलीचा खरा फायदा इथे दिसतो, कारण तो स्कोपमधून गेलेलाच नसतो. पळाला तर कुठे उभा होता आणि शेवटी कुठे दिसला, त्या दोन जागा झाडांवरून पक्क्या लक्षात ठेवा आणि अर्धा तास हलू नका. मग पहिल्या जागेवर रक्त बघा. गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस, तो जवळच मिळेल. गडद तपकिरी-लाल असेल तर यकृत, तीन-चार तास थांबून माग काढा. हिरवट, वासाचं असेल तर पोट. तेव्हा त्याहून जास्त थांबावं लागतं, आणि गटातल्या सगळ्यांना बोलावून घ्या.