मदत हवी आहे: बाहुलीघरातली चूल पेटलेली वाटतच नाही (माप १:१२, खऱ्याच्या बाराव्या हिश्श्याचं)

घाईत_आहे (शुक्रवार, रात्री ११:१०)
बाहुलीघराचं स्वयंपाकघर झालं, फक्त चूल अडलीये. आत तीन एलईडी टाकलेत: लाल, पिवळा, वॉर्म व्हाइट. लाल झकास लागतो, पिवळा जेमतेम, वॉर्म व्हाइट लागतच नाही. दोनदा नवा लावून पाहिला. जो काही उजेड पडतो तो विस्तवाचा वाटत नाही, टीव्हीखालच्या लाल दिव्यासारखा दिसतो. वर थोड्या वेळाने सगळंच आपोआप बंद पडतं. रविवारी संध्याकाळी घर द्यायचंय. काय चुकतंय? व्हिडिओच्या लिंका नकोत, सगळ्या बघून झाल्या.

डाग_मारणारा (११:२२)
कशावर चालवताय? किती व्होल्ट? प्रवाह आवरणारा रेझिस्टर किती ओहमचा, आणि प्रत्येकाला वेगळा की सगळ्यांत मिळून एक? एवढं सांगितल्याशिवाय उत्तर म्हणजे अंदाजपंचे.

दादर_स्लो (११:३०)
फायरप्लेससाठी विटा विकत घेऊ नका. इंग्लिश वीट २१५ × १०२.५ × ६५ मिमी असते, म्हणजे १:१२ ला साधारण १८ × ८.५ × ५.४ मिमी. अंड्याच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमधून तुकडे कापा, तोच खडबडीतपणा विटेला शोभतो. विटांमधल्या फटी भरायला पांढरं सिमेंट नको, फार चकाकतं. राखाडी ॲक्रिलिकमध्ये थोडी रांगोळी मिसळा.

घाईत_आहे (११:३४)
फायरप्लेस नाही हो, चूल. मातीची. कोकणातलं घर आहे.

दादर_स्लो (११:३६)
तत्त्व तेच.

एक_बटा_बारा (११:४१)
चुलीचं तोंड किती रुंद? एलईडी ५ मिमीचे की ३ चे? चूल कशाची केलीय? आणि एलईडी समोरून दिसतात का? बहुतेक दिसतच असणार.

घाईत_आहे (११:५०)
५ व्होल्ट, पॉवर बँक. रेझिस्टर एकच, १०० ओहम, तिघांत मिळून. एलईडी ५ मिमी. तोंड १८ मिमी. थर्माकोलवर मातीचा लेप दिलाय. हो, दिसतात. हे सगळं लागतं का?

डाग_मारणारा (रात्री १२:०५)
लागतं म्हणून तर विचारलं. तुमचा वॉर्म व्हाइट जिवंत आहे, टाकून दिलेले दोन्हीही जिवंत असतील. कचऱ्यातून काढा.

लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट पुरतात, पिवळ्याला त्याहून किंचित जास्त, वॉर्म व्हाइटला ३ ते ३.२ लागतात. तिघं समांतर आणि रेझिस्टर एक, म्हणजे लाल पेटला की तिथलं व्होल्टेज दोनच्या आसपास अडकतं. तळमजल्याचा नळ सोडला की चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही, तसं. शिवाय १०० ओहममधून ३० मिलिअँप येतात आणि बहुतेक एकटा लाल ते पितो. त्याची मर्यादा २० ची. तो लवकरच जाईल.

प्रत्येकाला आपापला रेझिस्टर द्या: लाल ३३०, पिवळा ३३०, वॉर्म व्हाइट २२० ओहम. पाव वॉटचे पुरतात. प्रत्येकी नऊच्या आसपास मिलिअँप येतील.

आपोआप बंद पडणं हा वेगळा आजार. तीस मिलिअँप इतके कमी, की पॉवर बँकेला वाटतं फोन भरला, आणि ती झोपते. जुना ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर लावा, नाहीतर पेन्सिल सेल तीन, म्हणजे साडेचार व्होल्ट. रेझिस्टर तेच चालतील.

शंकासुर (१२:१५)
पॉवर बँक बदलायची गरज नाही. ४७ ओहमचा एक रेझिस्टर नुसता प्लस-मायनसमध्ये टाका, शंभरेक मिलिअँप ओढेल, बँक जागी राहील.

डाग_मारणारा (१२:१९)
आणि अर्धा वॉट उष्णता निघेल ती थर्माकोलशेजारी? पाव वॉटचा तर करपेलच, एक वॉटचाही हाताला चटका देईल. लहान मुलाच्या खेळण्यात असलं काही सुचवू नका.

शंकासुर (१२:२१)
घराबाहेर, वायरीच्या टोकाला लावायचा म्हणतोय. चुलीत कोण लावेल?

भातुकली_काकू (सकाळी ६:५५)
२०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, हे आधी कोणी सांगितलं नाही? पुठ्ठ्याचा सांगाडा करून त्यावर शाडू आणि भिजवलेल्या कागदाचा लगदा निम्मा-निम्मा, चमचाभर फेविकॉल घालून. नुसत्या शाडूला वाळताना भेगा पडतात. आणि विस्तवाला नारिंगी जिलेटिन पेपर चुरगाळून ठेवावा, पिवळ्याचा एक तुकडा आत. इतकी वर्षं देखाव्यांत तेच चालतं.

एक_बटा_बारा (७:२०)
काकू, लगद्याचं बरोबर, पण या हवेत वाळायला दोन दिवस आणि यांच्याकडे एक. आहे तीच चूल वाचवू. जिलेटिन मात्र दहा फुटांवरून बघायच्या देखाव्याला ठीक. बाहुलीघरात डोळा वीतभर अंतरावर असतो, कागदाची घडी आणि चकाकी लगेच कळते.

निखारे असे करा. ग्लूगनची पारदर्शक कांडी घ्या. बटर पेपरवर हरभऱ्याएवढे आणि त्याहून लहान ठिपके सोडा, १५-२० पुरे. गार झाले की कटरने कडा तोडा, गोल एकही ठेवू नका. मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासा. ही पायरी गाळलीत तर रंग पापुद्र्यासारखा सोलून येतो. खालच्या बाजूला नारिंगी ग्लास कलरचा पातळ हात, दोन-चार तुकड्यांना लाल. वरून काळा ॲक्रिलिक, पण ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करून, फक्त उंचवट्यांवर. खाचा उघड्या राहिल्या पाहिजेत, उजेड तिथूनच येतो. पूर्ण काळे केलेत तर कोळसे होतील, निखारे नाही. शेवटी उदबत्तीची राख: फेविकॉल पाण्यात निम्मा करून टोकाटोकाला लावा, राख चिमटीने भुरभुरवा, फुंकर मारून जादाची उडवा.

एलईडी ३ मिमीचे घ्या. त्यांची डोकी २२० च्या पेपरवर घासून दुधी करा, नाहीतर राखेतून तीन टोचणारे ठिपके दिसतील. पिवळा आणि लाल निखाऱ्यांच्या खाली, ५-६ मिमी खोल. वॉर्म व्हाइट मागच्या भिंतीशी, लाकडांआड, तोंड भिंतीकडे. समोरून दिवा दिसता कामा नये, दिव्याचा उजेड दिसावा.

आणि टीव्हीचा दिवा का वाटतो, तर लाल फार. निखारा नारिंगीच असतो. लालला ३३० ऐवजी १ के (हजार ओहम) लावा, तीन मिलिअँप बास. वॉर्म व्हाइटच्या डोक्याला नारिंगी ग्लास कलरचा एक हात.

भातुकली_काकू (७:३२)
जिलेटिनची घडी राखेखाली कुठे दिसते? पण असो.

कोडवाला (८:०५)
हे सगळं स्थिर दिवे लावून काय उपयोग? आर्डुइनो नॅनो (कोड लिहून चालवायचा छोटा बोर्ड) घ्या, पिन ३, ५, ६ वर पीडब्ल्यूएम आहे, म्हणजे उजेड कमीजास्त करता येतो. रेझिस्टर आहेत तेच, प्रत्येक एलईडी आपापल्या पिनवर. ज्वाळेच्या पिनला ९० ते २५५ मधला यादृच्छिक आकडा द्या (० म्हणजे बंद, २५५ म्हणजे पूर्ण उजेड).

शंकासुर (८:१२)
चुलीला मायक्रोकंट्रोलर! दिवाळीच्या सेलवाल्या पणतीतला एलईडी काढा, लुकलुकण्याची चिप त्याच्या पोटातच असते. त्याच्याशी सिरीजमध्ये साधा पिवळा जोडला तर तोही लुकलुकतो.

डाग_मारणारा (८:२०)
युक्ती खरी आहे, पण ५ व्होल्टवर रडतखडत. पणतीवाल्याला ३, पिवळ्याला २, रेझिस्टरला काही उरतच नाही. ९ व्होल्टची बॅटरी आणि ३९० ओहम घेतलात तर नीट चालेल. पणतीवाला उलटा जोडू नका, साधा एलईडी कदाचित सोसेल, हा मरेल.

एक_बटा_बारा (८:३४)
पणतीवाला लुकलुकतो पणतीच्या लयीत, तिथेच फसगत होते. जाळ जितका रुंद, तितका संथ हलतो. रुंदी मीटरमध्ये धरून तिच्या वर्गमुळाने दीडला भागा, सेकंदाला किती हेलकावे ते येतं. खऱ्या चुलीतला २० सेंमीचा जाळ सेकंदाला तीनेक. तुमच्या १८ मिमीच्या तोंडाचं गणित केलंत तर अकरा येतील, आणि डोळ्याला ती मेणबत्ती वाटेल. माप बाराव्या हिश्श्याचं, वेळ मात्र पूर्ण मापाचाच ठेवायचा. कोडवाले, आकडा दर १२० ते २०० मिलिसेकंदांनी बदला, आणि एकदम उडी नको, सरकत जाऊ दे. निखारे लुकलुकवू नका. ते तीन-चार सेकंदांत हळूच उजळतात आणि मंदावतात, फुंकणी मारल्यासारखे.

कोडवाला (८:४१)
मान्य. निखारे ४० ते १२०, सावकाश.

ताक_घ्या (९:१५)
गॅसची शेगडी ठेवली असती तर एक निळा एलईडी आणि काम खलास.

भातुकली_काकू (९:२०)
कोकणातल्या घरात शेगडी! आणि धाग्यात फोटोही नाही. वैल, म्हणजे चुलीला जोडलेली शेजारची छोटी चूल, तरी केलाय का? चुलीवर भात, वैलावर आमटी, एकट्या चुलीला काय शोभा? उजव्या हाताला हवा.

ताक_घ्या (९:२४)
आमच्याकडे डावीकडे असतो.

भातुकली_काकू (९:२६)
मग तुमच्याकडे चुकलंय.

घाईत_आहे (९:४०)
वैल डावीकडे आहे. तो विषय नको. ३ मिमी वॉर्म व्हाइट आत्ता कुठे मिळेल ते सांगा. ऑनलाइन मंगळवार दाखवतंय. आर्डुइनो नको, पणतीवालापण नको, वेळ नाही.

डाग_मारणारा (९:४८)
मुंबईत लॅमिंग्टन रोड, इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरा, चालत जवळ आहे. आजच जा, उद्या रविवार, बरीच दुकानं बंद असतात. ३ मिमी वॉर्म व्हाइट दोन, पिवळे दोन, लाल एक, रेझिस्टर २२०, ३३० आणि १ के प्रत्येकी पाच, दोन मिमीची हीट श्रिंक नळी (गरम केली की वायरीवर आवळते ती) अर्धा मीटर. पातळ वायर मागा, जाड वायरीने चुलीची पाठ फुगते. एलईडीचा लांब पाय प्लस. पाय कापण्याआधी खूण करा, नंतर सगळे सारखेच दिसतात.

धूर_हवा (१०:३०)
ह्युमिडिफायरची छोटी चकती चुलीखाली लावली तर धूरसुद्धा निघेल. पाच व्होल्टवरच चालते.

एक_बटा_बारा (१०:३६)
धूर नाही, पाण्याचं धुकं निघेल. पुठ्ठा, माती, फेविकॉल, सगळं ओलं. आठवड्यात बुरशी. धूर भिंतीवर दाखवा: चुलीमागे कोळशाची पूड कोरड्या ब्रशने, खाली गडद, वर विरत गेलेली. भांड्याचं बूडही काळं करा.

लाकडांचं राहिलं. तीनच ठेवा, २-३ मिमी जाड, ३५ ते ४० मिमी लांब, निम्मी तोंडाबाहेर. सहा कोंबलीत तर उजेड अडतो. आतली टोकं मेणबत्तीवर खरोखर जाळा, पाण्यात बुडवून विझवा, वाळल्यावरच चिकटवा. काळं संपून लाकूड सुरू होतं तिथे नारिंगीची केसाएवढी रेघ.

घाईत_आहे (शनिवार, रात्री १०:५०)
तिन्ही लागले. चार्जरवर तीन तास चालू आहे, बंद पडलं नाही. निखारे चांगले झाले, पहिले सहा न घासता रंगवले ते सोलले. पण आता चुलीची अख्खी पाठ आतून नारिंगी चमकतेय, कंदिलासारखी.

एक_बटा_बारा (१०:५८)
थर्माकोल उजेड अडवत नाही, आणि लेप पातळ असणार. आतून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावा, कोपऱ्यांत एकावर एक चढवून. एलईडीचे उघडे पाय पट्टीला टेकू देऊ नका, शॉर्ट होईल, आधी हीट श्रिंक चढवा. पट्टीवर मॅट काळा, फक्त मागच्या भिंतीचा मधला भाग तपकिरी ठेवा, वॉर्म व्हाइटचा उजेड झेलायला. स्प्रे पेंट वापरू नका, थर्माकोल विरघळेल. ग्लूगनचं गरम टोकही लावू नका.

दादर_स्लो (११:१०)
विटांचा अस्तर दिला असता तर हा प्रश्नच आला नसता.

घाईत_आहे (रविवार, दुपारी १:१५)
पट्टी लावली, गळती बंद. खोलीतला दिवा मालवला की भिंतीवर भांड्याची सावली पडते, ती कोणी सांगितली नव्हती, आपोआप आली. लाल १ के वरच ठेवला. वैल डावीकडेच राहील.