पिशवीतला गरम चहा: प्लास्टिकचे कण पेशीत खरंच शिरतात का?

लालबागची_लेक
ऑफिस परळला. चार वाजता खालच्या टपरीवरून चहा येतो, पातळ पिशवीत, वर रबर बांधलेलं. परवा एकाने ‘हे प्लास्टिक थेट पेशीत जातं’ म्हणून सगळ्यांच्या तोंडची चव घालवली. जातं का? आणि गेलं तर पेशीचं नक्की बिघडतं काय? फॉरवर्ड नकोत, या कामातलं कुणी असेल तर सांगा.

गिरगावकर_काका
कागदी कपात मागवा, विषय संपला.

पेट्रीडिश
काका, नाही संपत. कागदी कपाला आतून प्लास्टिकचाच पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरमध्ये तपासलंय: १०० मिलि गरम पाणी १५ मिनिटं ठेवलं तर साधारण २५ हजार सूक्ष्म कण उतरतात.

ताई, प्रयोगशाळेत माणसाच्या पेशी वाढवणं हे माझं रोजचं काम. गंमत म्हणजे त्या वाढतात तो फ्लास्कही पॉलिस्टायरीनचाच. त्याच्या तळाला चिकटून मजेत असतात. भानगड होते ती तेच प्लास्टिक बारीक होऊन आलं की. चमकणारे सूक्ष्म मणी पेशींवर सोडले, की दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकाभोवती हिरवे ठिपके दाटलेले दिसतात. पेशीनेच ते गिळलेले असतात. गिळलेला माल लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनाच्या पिशवीत जातो. तिथली एन्झाइम्स प्रथिनं, चरबी सगळं फोडतात, पण प्लास्टिक फोडणारं एन्झाइम आपल्याकडे नाही. मग ते तिथेच पडून राहतं, आणि पेशीचे दोन भाग झाले की वाटून दोघींकडे जातं. मात्रा मोठी असेल तर मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीची ऊर्जाघरं, बिघडतात, ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढतात, पेशी दाहाचे संदेश सोडायला लागते.

मात्रा थोडी असली तर पुष्कळदा पेशींना ढिम्म काही होत नाही, हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. शिवाय आमचे मणी गोल, स्वच्छ, एका मापाचे. पिशवीतून सुटतात ते वेडेवाकडे, रंग-रसायनांसकट. त्यामुळे बशीतला निकाल उचलून थेट माणसाला चिकटवणाऱ्यांचं मी तरी ऐकत नाही.

लालबागची_लेक
म्हणजे माणसांत काहीच सापडलेलं नाही?

पेट्रीडिश
सापडलंय की. २०२२ साली नेदरलँड्समध्ये २२ जणांचं रक्त तपासलं, १७ जणांत प्लास्टिक निघालं. २०२४ चा इटलीतला अभ्यास मला जास्त गंभीर वाटतो. मानेच्या धमनीतला चरबीचा थर ऑपरेशनने काढलेले २५७ रुग्ण. निम्म्याहून जास्त जणांच्या थरात पॉलिथिलीन, म्हणजे पिशव्यांचं नेहमीचं प्लास्टिक. ज्यांच्यात कण होते त्यांना पुढच्या तीनेक वर्षांत हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा मृत्यूचा धोका सुमारे साडेचार पट. कणांमुळेच हे झालं, असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण सोडून देण्यासारखंही नाही.

गिरगावकर_काका
मग काय, चहा सोडायचा?

पेट्रीडिश
चहा कशाला सोडताय! प्लास्टिक तापलं की कण जास्त सुटतात, तेवढं सांभाळा. टपरीवाल्याकडे स्टीलची किटली देऊन ठेवा, ऑफिसात काचेचे ग्लास. आणि ताई, दुपारचं वरण प्लास्टिकच्या डब्यासकट मायक्रोवेव्हमध्ये जात असेल तर आधी ते थांबवा.